अमिश गोधडी (लँकेस्टर, 'सेंटर डायमंड'): मापं, टाके आणि जतन

सुईदोरा
अमिश हा अमेरिकेतला साधेपणाने राहणारा ख्रिस्ती पंथ. त्यांच्या क्विल्टबद्दल (वरचं कापड, भरण आणि अस्तर एकत्र शिवलेली गोधडी) या मंचावरच्या वेगवेगळ्या चर्चांत सुटेसुटे प्रश्न येऊन पडलेत. ते इथे एकत्र करू. पसारा आवरावा म्हणून एकच नमुना घेते: पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीची लोकरी 'सेंटर डायमंड', म्हणजे मध्ये टोकावर उभा चौकोन. काळ साधारण १८८० ते १९४०. ओहायो आणि इंडियानाची घराणी निराळी, त्यावर जाणकारांनी लिहावं.

आधी एक गोष्ट. गोधडी म्हटलं की आपल्याला जुन्या लुगड्यांचे थर आठवतात. लँकेस्टरच्या या क्विल्टमध्ये बऱ्याचदा तागा फाडून घेतलेलं नवं लोकरी कापड असतं. चौदा इंच रुंद अखंड पट्ट्या आणि बावीस इंचांचा एकसंध चौकोन चिंध्यांतून निघत नाहीत. आपल्या वाकळेशी नातं आहे ते धावदोऱ्याचं, कापडाचं नाही.

रचना मोजून सांगते. खालची मापं एका नमुन्याची आहेत, प्रत्यक्षात इंच-दोन इंच इकडेतिकडे असतात.

मधला चौकोन २२ इंच. त्याभोवती साडेतीन इंची पट्टी, चार कोपऱ्यांत वेगळ्या रंगाचे चौकोनी तुकडे. झाले २९ इंच. हा २९ चा चौकोन टोकावर उभा करायचा. त्याचा कर्ण ४१ इंच, म्हणून चार त्रिकोण लावल्यावर ४१ इंचाचा सरळ चौकोन मिळतो. त्याला साडेचार इंची आतली बॉर्डर (५०), मग १३ इंची बाहेरची बॉर्डर (७६). दोन्ही बॉर्डरना कोपऱ्यात चौकोन. शेवटी १ इंच रुंद गोट, एकूण ७८ × ७८.

संपूर्ण दर्शनी भागात कापडाचे तुकडे किती? मधला १, पट्टी ४ + ४, त्रिकोण ४, आतली बॉर्डर ४ + ४, बाहेरची ४ + ४. एकोणतीस. एवढ्या थोड्या तुकड्यांत काही लपत नाही. शिवण पाव इंच सरकली तरी खोलीच्या दारातून दिसते.

उरेब
त्रिकोणांबद्दल लिहायलाच हवं, कारण प्रतिकृती करणाऱ्यांचं नव्वद टक्के वेळा तिथेच फसतं.

त्रिकोणाच्या दोन लहान बाजू साडेवीस इंचाच्या आणि लांब बाजू २९. कापताना २१ ३/८ इंचाचे दोन चौकोन घ्यायचे आणि प्रत्येक कर्णावर एकदाच कापायचा. म्हणजे लहान बाजू उभ्या-आडव्या धाग्यावर येतात आणि लांब बाजू उरेब (धाग्यांना तिरकी, म्हणून ताणणारी). उरेब बाजू मधल्या चौकोनाला शिवली जाते, त्याची कडा सरळ धाग्याची असल्यामुळे ती उरेब कडेला धरून ठेवते. उलट कापलं (लांब बाजू सरळ, लहान बाजू उरेब) तर ४१ इंचाच्या चौकोनाच्या चारही कडा ताणल्या जातात. आतली बॉर्डर जोडताना त्या दीड-दोन इंचाने लांब निघतात आणि मध्यभाग टोपलीसारखा फुगतो. मग कितीही धावदोरा घाला, बसत नाही.

जुन्या क्विल्टवरही ही परीक्षा करता येते. सपाट जमिनीवर पसरल्यावर मध्य फुगत असेल तर भिंग घेऊन त्रिकोणाच्या कडेचा धागा कुठल्या दिशेने जातो ते पाहा.

पायमशीन
शिवणीची पद्धत: तुकडे पायमशीनवर जोडलेले आणि धावदोरा हाताने. 'सगळं हाताने शिवलेलं, म्हणून अस्सल' असं विक्रेते सांगतात ते उलटं आहे. अमिश घरात वीज नसली तरी पायाने चालणारं मशीन होतंच, आणि लांब सरळ शिवणी त्याच्यावरच होत. गोटसुद्धा बऱ्याचदा मशीननेच लावलेला दिसतो, निदान एका बाजूने.

टाके किती? चांगल्या जुन्या कामात इंचाला ८ ते १२, क्वचित त्याहून बारीक. मोजताना फक्त वरून दिसणारे टाके मोजायचे, खालचे-वरचे मिळून नाही. लोक इथेच दुप्पट करून 'इंचाला वीस' सांगतात. जाळीच्या (धावदोऱ्याने भरलेल्या चौकड्यांच्या) सरळ रेषेवर पट्टी ठेवा आणि मध्य, आतली बॉर्डर, बाहेरचा कोपरा अशा तीन जागी मोजा. एकाच क्विल्टवर ११ आणि ७ असे दोन आकडे मिळाले तर घाबरू नका. क्विल्ट ताणलेल्या चौकटीभोवती चार-सहा बायका बसत, प्रत्येकीचा हात वेगळा.

सुईदोरा
+१. २२ इंचाच्या चौकोनात एक इंची जाळी पूर्ण भरली तर दोन्ही दिशांना २१-२१ रेषा, प्रत्येकी २२ इंच. ९२४ इंच. दहाच्या हिशोबाने नऊ हजार दोनशेच्या वर टाके, आणि हा सगळ्यात छोटा भाग! अर्थात मध्ये पिसांचं कडं असतं, तेवढी जाळी कमी होते.

लिंबूटिंबू
पिसांचं कडं म्हणजे? आणि एवढ्या गडद कापडावर नक्षी आखत कशाने होते?

सुईदोरा
मधल्या चौकोनात बहुतेक वेळा आठ टोकांची चांदणी, तिच्याभोवती पिसांचं गोल कडं (गोल देठ आणि त्याच्या दोन्ही अंगांना पाकळ्यांसारखी पिसं), उरलेल्या जागेत तिरकी जाळी. त्रिकोणांत ट्यूलिप किंवा गुलाब. अरुंद पट्ट्यांत भोपळ्याच्या बीचा आकार किंवा द्राक्षवेल. रुंद बॉर्डरवर वळणावळणाने पळणारी पिसांची वेल, कधी टोपल्या.

आखणी पुठ्ठ्याच्या किंवा पत्र्याच्या साच्याभोवती, पांढऱ्या खडूने. हलक्या रंगावर पेन्सिल. चौकटीवर ताणण्याआधी मोठ्या आकृत्या आखून होत, जाळीच्या रेषा मात्र चौकटीवरच, जेवढं काम हाताखाली आहे तेवढ्याच. खडू घासला की जातो, म्हणून पुढचं आखून ठेवण्यात अर्थ नसे.

आता गंमत बघा. ७६ इंचाच्या बॉर्डरमध्ये साचा पूर्ण संख्येने बसतोच असं नाही. चांगली आखणारी मध्यापासून दोन्हीकडे जाते आणि कोपऱ्यात वेल वळवून घेते. घाईत असलेली एका टोकापासून सुरू करते, आणि दुसऱ्या कोपऱ्यात शेवटचं पीस आखूड होतं किंवा वेल कापल्यासारखी संपते. जुन्या क्विल्टचे चारही कोपरे शेजारी शेजारी ठेवून फोटो काढा. चार सारखे कोपरे फार कमी वेळा भेटतात.

भाबडाभक्त
म्हणजे ती 'मुद्दाम ठेवलेली चूक'! केवळ देव परिपूर्ण, म्हणून अमिश बायका एक तुकडा चुकीचा लावत असं वाचलंय.

पायमशीन
नाही हो. ही गोष्ट दुकानात छान खपते, पण क्विल्टचे अभ्यासक तिला दंतकथाच मानतात. चुकीचा तुकडा लागण्याची कारणं साधी आहेत: त्या रंगाचं कापड संपलं, दिव्याच्या उजेडात जांभळा आणि निळा सारखा दिसला, तुकडा फिरला. स्वतःला निर्दोष समजून मुद्दाम एक चूक करणं हा नम्रपणा कसला, असा टोमणाही त्यावर आहेच.

उरेब
टाका कसा घालतात ते लिहितो. लिंबूटिंबू, तुम्हाला करून बघायचं असेल तर उपयोगी पडेल.

सुई आखूड आणि बारीक, क्विल्टिंगसाठी 'बिटवीन' नावाने मिळते, ९ ते १२ नंबर (नंबर जास्त तितकी सुई छोटी). नवशिक्याने ९ घ्यावी. दोरा सुती, पक्क्या पिळाचा, हातभर लांब, दीड फुटाहून जास्त नको, नाहीतर लोकरीतून घासून पिसारतो. गाठ छोटी. अर्धा-एक इंच दूर वरून सुई घालून थरांच्या मधून रेषेवर काढायची आणि हलका झटका द्यायचा. 'टप्' असा बारीक आवाज होतो, गाठ वरचं कापड ओलांडून आत कापसात अडकते. मागे-पुढे कुठेच गाठ दिसत नाही.

मधल्या बोटाला अंगुस्ताना. सुई जवळजवळ उभी टोचायची, खालच्या हाताच्या बोटाला टोक जाणवलं की लगेच सुई आडवी करून वर आणायची, पुन्हा उभी. असे तीन-चार टाके सुईवर घेऊन मग दोरा ओढायचा. खालच्या बोटाला टोक जाणवलं नाही तर अस्तर सुटलंय असं समजा. वरून सुंदर आणि मागे रिकामी जागा, हा सर्वात नेहमीचा दोष.

चौकट फार घट्ट ताणू नका. तबल्यासारखी ताणली तर सुई हलवायला जागाच उरत नाही आणि टाके लांब पडतात. मध्यावर हात ठेवल्यावर इंचभर खाली जायला हवी.

पन्हा
कापडाचा हिशोब देऊन ठेवतो. बाहेरच्या बॉर्डरच्या चार पट्ट्या, माया (शिवणीत जाणारी जादा कड) धरून १३.५ × ५०.५ इंच. ५४ इंची पन्ह्याचं लोकरी कापड असेल तर आडव्यात एकेक पट्टी निघते, चार पट्ट्यांना ५४ इंच, म्हणजे दीड मीटर पुरतं. पण आडवा धागा उभ्यापेक्षा थोडा ताणतो, म्हणून शिवताना चौथ्या-चौथ्या भागावर टाचण्या लावून मगच मशीनला द्या. गोटासाठी अडीच इंच रुंद सरळ धाग्याच्या पट्ट्या (१ पुढे, १ मागे, दोन पाव इंच माया), जोड धरून ३२० इंच लांब.

लँकेस्टरच्या गोटाचे कोपरे बहुतेक वेळा तिरके दुमडलेले नसतात. आधी दोन समोरासमोरच्या बाजूंना पट्ट्या, मग उरलेल्या दोन बाजूंना त्यांच्यावरून. कोपऱ्यात छोटा चौकोनी जोड दिसतो. प्रतिकृतीत आजच्यासारखा तिरका कोपरा आणि पाव इंची गोट दिसला की लगेच खटकतं.

बग्गी
सुरुवातीला सुईदोराने ओहायो-इंडियानाबद्दल, म्हणजे अमेरिकेच्या मध्यपश्चिमेबद्दल, लिहायला सांगितलंय म्हणून. ओहायोतलं होम्स काउंटी, इंडियानातलं लग्रांज आणि एल्कहार्ट. तिथे क्विल्ट आयताकृती, कापड जास्त करून सुती, रचना छोट्या ठोकळ्यांच्या पुनरावृत्तीची (ओशन वेव्हज्, टम्बलिंग ब्लॉक्स, बो टाय, बेअर्स पॉ), आणि पार्श्वभूमीला काळा. लँकेस्टरमध्ये काळा क्वचितच. तिथे जांभळा, किरमिजी, गडद निळा, हिरवट निळा. पांढरा आणि पिवळा जुन्या लँकेस्टर कामात जवळजवळ नाहीत.

तिसरं घराणं पेनसिल्व्हेनियातल्याच मिफ्लिन काउंटीचं, 'बिग व्हॅली' म्हणतात. तिथल्या सगळ्यात जुन्या वळणाच्या गटाला 'नेब्रास्का अमिश' हे नाव आहे, पण ते राहतात मुख्यतः पेनसिल्व्हेनियातच. नाव पडलं ते १८८१ च्या सुमारास नेब्रास्कातल्या बिशपच्या आधारामुळे. त्यांचे क्विल्ट तपकिरी, राखाडी, निळ्याच्या उतरत्या छटांचे, चार किंवा नऊ तुकड्यांचे ठोकळे. लेबलवर 'नेब्रास्का' वाचून राज्य गृहीत धरू नका.

लँकेस्टरच्याच 'सनशाइन अँड शॅडो' (छोट्या चौकोनांच्या) नमुन्याबद्दल एक हिशोब. दीड इंची चौकोन २७ × २७ लावले तर ७२९ तुकडे आणि साडेचाळीस इंचाचा मध्य. एका ओळीत २६ शिवणी. प्रत्येकीत १/३२ इंचाची चूक एकाच दिशेने झाली तर ओळ पाऊण इंचाहून जास्त आखूड-लांब होते. म्हणून दर पाच ओळींनंतर पट्टी लावायची, शेवटी नाही.

भाबडाभक्त
पण साध्या धर्मपंथाच्या बायकांनी एवढे भडक रंग वापरले कसे?

बग्गी
तेच त्यांच्या कपड्यांचे रंग होते. अंगावर छापील कापड चालत नसे, एकरंगी चाले, आणि एकरंगी म्हणजे फिकट असा नियम नाही. कृत्रिम रंगाची लोकर तोवर दुकानात आणि फेरीवाल्यांकडे मिळू लागली होती. (कृत्रिम जांभळा १८५६ चा, किरमिजी त्यानंतर दोन-तीन वर्षांत.) मागच्या अस्तराला मात्र छापील किंवा चौकड्याचं कापड सर्रास दिसतं. ती बाजू पलंगाकडे.

त्यांना 'आधुनिक चित्रांसारखे' म्हणायची पद्धत १९७१ नंतरची. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी आपल्या संग्रहातले अमेरिकन क्विल्ट चित्रांसारखे भिंतीवर लावले, त्यात अमिशही होते. त्यानंतर दलाल लँकेस्टरमध्ये दारोदार फिरले. त्यात झालेलं नुकसान आजही पुरतंय. क्विल्ट घराबाहेर पडला तेव्हा तो कुणी, कुणाच्या लग्नासाठी शिवला हे कागदावर उतरवून घ्यायचं कुणाला सुचलं नाही. विकण्याआधी 'स्वच्छ दिसावा' म्हणून कित्येक धुतले गेले ते वेगळंच.

रंगारी
धुण्याचा विषय निघालाच आहे, तर माझं मत सरळ सांगतो: लोकरी अमिश क्विल्ट घरी धुवायचा नाही. कोमट पाण्यात नाही, बाळाच्या शाम्पूने नाही, रिठ्याने नाही.

कारणं चार. एक, ७८ इंचाचा लोकरी क्विल्ट ओला झाला की कित्येक पट जड होतो आणि ओली लोकर कोरडीपेक्षा कमजोर. उचलताना टाके आणि शिवणी फाटतात. दोन, दर्शनी भाग लोकर, आत कापूस, मागे सुती अस्तर, तिघांचं आकसणं वेगवेगळं. वाळल्यावर वर गोळा होतं आणि खाली झोळ. तीन, लाल आणि जांभळे रंग सुटतात, शेजारी हलका निळा असला तर तो गेला. चार, लोकर घुसळली की तिच्या तंतूंचे खवले एकमेकांत अडकतात, नमदा होतो आणि धावदोऱ्याची उठावदार सावली बसून जाते. त्या सावलीसाठीच तर एवढे टाके घातलेले!

ड्रायक्लीनिंगही नको. तिथे ड्रममध्ये घुसळणं आहेच.

लिंबूटिंबू
मग थेंबाची रंगपरीक्षा करून, रंग पक्का निघाला तरी नाही?

रंगारी
परीक्षा कशी करायची ते सांगतो, मग तुम्हीच ठरवा. प्रत्येक रंगाच्या आडोशाच्या जागी शुद्ध पाण्याचा एक थेंब. लोकर पाणी लवकर पीत नाही, म्हणून काचेच्या कांडीने हलकं दाबून पाच मिनिटं थांबा. मग पांढरा टिपकागद दाबा. पुन्हा तीच परीक्षा साबणाच्या पाण्याने. दोऱ्याचीही वेगळी करा. काळा दोरा सुटला तर सगळ्या रेषांना छाया येते.

आणि एवढं करूनही कागद कोरा राहिला तरी एका थेंबाची पाच मिनिटं म्हणजे टबातला एक तास नव्हे. कित्येक रंग पहिल्या पाच मिनिटांत सुटत नाहीत, वाळताना कडेला जमा होतात. सुती मध्यपश्चिमी क्विल्टबाबत संवर्धक कधी कधी धुण्याचा निर्णय घेतात, पण तो मोठ्या उथळ टाकीत, जाळीवर आडवा ठेवून, हाताने पाणी सोडून. न्हाणीघरातला प्रकार नाही.

घरी करण्यासारखी सफाई एकच: जाळीतून व्हॅक्यूम. फायबरग्लासची डासांची जाळी फूटभर चौरस कापा, कडांना सुती पट्टी शिवा (नाहीतर कडा लोकरीत अडकते). क्विल्टवर जाळी, ओढ सगळ्यात कमी, तोंड जाळीवर फरफटायचं नाही, ठेवायचं-उचलायचं, ठेवायचं-उचलायचं. पुढून, मग मागून. जिथे कापड विरलंय तिथे व्हॅक्यूमच नको, मऊ ब्रशने धूळ बाजूला धरलेल्या व्हॅक्यूमच्या तोंडाकडे सारायची.

कपाटवाली
कसर लागली असेल तर?

सुईदोरा
खाणारी अळी असते, उडणारा पतंग नाही. लोकरीवर आरपार भोकं, वाळूसारखी विष्ठा (बहुधा त्याच कापडाच्या रंगाची), रेशमी जाळं किंवा तांदळाएवढी नळी दिसली तर क्विल्ट लगेच इतर कपड्यांपासून वेगळा करा.

डांबरगोळ्या नकोत. वास वर्षानुवर्षं जात नाही, आपल्या नाकाला आणि फुप्फुसाला बरा नाही, आणि जवळच कापूरही ठेवला तर दोन्ही मिळून ओलसर होतात आणि डाग पडतात. गोठवणं हा खरा उपाय. जाड पॉलिथिनची पिशवी, हवा दाबून काढून तोंड पक्कं बंद. उणे ३० अंशाला तीन दिवस, उणे २० ला आठवडा, घरच्या उणे १८ च्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे. पिशवी बाहेर काढल्यावर पूर्ण दिवसभर उघडायची नाही. बाहेरची वाफ पिशवीच्या अंगावर जमते, लगेच उघडलीत तर ती क्विल्टवर जमेल. मग व्हॅक्यूम, कारण मेलेल्या अळ्या आणि विष्ठा नव्या किड्यांना बोलावणं धाडतात.

फ्रीजरमध्ये क्विल्ट कोंबून बसत असेल तर हा उपाय घरी करू नका. दाबलेल्या घड्यांत थंडी आतपर्यंत पोचत नाही आणि घडीवर लोकर तुटते.

पन्हा
घडीबद्दल. सगळ्यात चांगली जागा म्हणजे बिनवापराचा पलंग. सपाट पसरायचा, वर धुतलेली सुती चादर. हे जमलं नाही तर गुंडाळायचा. पाच इंची नळकांडं, क्विल्टपेक्षा किमान सहा इंच लांब, वर ॲसिडमुक्त टिश्यू. गुंडाळताना दर्शनी बाजू बाहेर, म्हणजे सुरकुत्या पडल्याच तर अस्तराला पडतील. बाहेरून मांजरपाट, पण आधी धुऊन खळ काढलेला. खळ ही झुरळांची मेजवानी.

घडीच घालायची असेल तर दोन्ही दिशांना तीन-तीन भागांत, २६ × २६ चा चौकोन होतो. प्रत्येक मोडीत टिश्यूचा मनगटाएवढा लोड घाला, मोड धारदार होता कामा नये. दर सहा महिन्यांनी उघडून मोडी बदला. लोकरीला टिश्यू बफर (आम्ल मारायला मिसळलेला क्षार) नसलेला, कारण बफरमधला क्षार लोकर आणि रेशमाला मानवत नाही. सुती क्विल्टला बफरवाला चालतो, काळ्या सुती कापडाला तर हवाच.

बग्गी
काळ्या सुतीचं कारण: १८९० च्या दशकापासून गंधकाच्या काळ्या रंगाने रंगवलेलं सूत बाजारात आलं. तो रंग साठवणीत दमट हवेत हळूहळू गंधकाम्ल सोडतो आणि सूत आतूनच कुजतं. ओहायोच्या क्विल्टमध्ये बाकी सगळं ठणठणीत आणि फक्त काळे तुकडे चिमटीत चुरतात, ते त्यामुळे. त्यावर मुलायम हात फिरवूनही नुकसान होतं.

कोकणकडा
मुंबई-गोव्याकडे असा क्विल्ट कुणाकडे पोचला असेल तर? इथे पावसाळ्यात हवा ८०-९० टक्के दमट.

सुईदोरा
ध्येय ४५ ते ५५ टक्के, ६५ च्या वर बुरशी सुरू. दोनशे रुपयांचं आर्द्रतामापक कपाटात ठेवा, मग बोलू. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवणं ही इथली हमखास चूक. बाहेरचं पाणी थांबतं आणि आतलं अडकतं. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट नको, जमिनीलगतचा खालचा कप्पा नको, कच्च्या लाकडाच्या फळीला थेट लावणं नको (मध्ये टिश्यू किंवा मांजरपाट). जून ते सप्टेंबर त्या खोलीत डीह्युमिडिफायर. तो रात्री बंद आणि दिवसा चालू असा खेळ करू नका. सारखं वर-खाली होणं हे स्थिर ६० पेक्षा वाईट. आणि उन्हात वाळवण घालायची सवय गोधडीपुरतीच ठेवा.

लिंबूटिंबू
भिंतीवर लावायचा झाला तर?

उरेब
खिळे, क्लिपा, कड्या यातलं काहीच नाही. सगळा भार चार बिंदूंवर येतो आणि गोट लोंबतो.

तीन इंच रुंद सुती पट्टी धुऊन आकसवून घ्या. तिच्यावर दोन इंची वेल्क्रोची मऊ बाजू मशीनने शिवा. मग ही पट्टी क्विल्टच्या पाठीवर वरच्या कडेखाली अर्धा इंच सोडून हाताने शिवा. दोरा सुती, टाके अस्तर आणि कापूस दोन्हीत जायला हवेत. नुसत्या अस्तरात घातले तर अस्तर वर राहतं आणि दर्शनी भाग खाली ओढला जातो. दर दोन-तीन इंचांवर एक टाका पुढच्या शिवणीच्या खाचेत बारीक काढा. वेल्क्रोची काटेरी बाजू लाकडी पट्टीवर, लाकूड आधी सील केलेलं. काटेरी बाजू कधीही क्विल्टवर नाही, लोकर ओरबाडते.

सेंटर डायमंडला वर-खाली नसतं, त्याचा फायदा घ्या. समोरासमोरच्या दोन कडांना पट्ट्या लावा आणि पुढच्या वेळी उलटा टांगा. तीन-चार महिने टांगला की तेवढीच विश्रांती. उजेड ५० लक्सच्या (उजेडाचं माप) आत, खिडकीसमोरची भिंत नाही, काच असली तरी नाही.

विटला किती ते कळायला गोटाची सुटलेली कडा किंवा शिवणीची माया बघा. आतला जांभळा आणि बाहेरचा तपकिरी शेजारी दिसतात.

पायमशीन
दुरुस्तीवर थोडकंच: फाटका तुकडा काढून नवा लावू नका. विरलेला गोट काढू नका. गोटाच्या आत मूळ रंग असतो, मूळ दोरा असतो, मशीनची टीप असते. क्विल्ट कुठला आणि कधीचा हे ठरवायला तेवढंच हाती उरलेलं असतं. विरलेल्या जागेवर त्याच छटेला रंगवलेली बारीक नायलॉन जाळी किंवा रेशमी क्रेपलिन (विरळ, पारदर्शक कापड) पसरा आणि बारीक रेशमी दोऱ्याने, चांगल्या कापडात टाका घेऊन धरून ठेवा. टाका विरलेल्या भागात घेतला तर प्रत्येक भोक नवी फाट. डिंक, इस्त्रीने चिकटणारं कापड, दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी, नाव काढू नका.

भाबडाभक्त
नवा करून जुना म्हणून विकलेला कसा ओळखायचा?

बग्गी
अतिनील विजेरी घ्या, अंधार करा. साधारण १९५० नंतरच्या दोऱ्यात-कापडात चकाकी आणणारी रसायनं असतात, ती निळसर पांढरी पेटतात. पण सगळा क्विल्ट सारखाच पेटला तर तो आधुनिक साबणाने धुतलेला जुनाही असू शकतो. फक्त दोरा किंवा एकच तुकडा पेटला तर दुरुस्ती. आत काय भरलंय ते सुटलेल्या शिवणीतून पाहा. पॉलिएस्टरचं भरण असेल तर १९६० च्या अलीकडचा. जुन्यात पातळ सुती किंवा लोकरी थर, पाव इंचाहूनही कमी. उबेसाठी जाड भरला असता तर इंचाला दहा टाके निघालेच नसते.

आणि १९८० नंतर लँकेस्टरच्या दुकानांत 'अमिश' म्हणून विकल्या गेलेल्या बऱ्याच क्विल्टांवर लाओसहून आलेल्या हमोंग निर्वासित बायकांचा हात आहे, विशेषतः वरून कापड लावायच्या कामात. काम अव्वल असतं. खोटं असतं ते लेबल.

रंगारी
फोटो काढून ठेवणाऱ्यांसाठी: गडद लोकरीवर समोरून फ्लॅश मारलात तर काळा-निळा चौकोन दिसेल, नक्षी नाही. खोली अंधारी करा, एकच दिवा डावीकडे जमिनीलगत, कापडाशी पंधरा-वीस अंशांत. पिसं उठून दिसतात. मग दिवा वरच्या बाजूला नेऊन दुसरा फोटो, कारण दिव्याच्या दिशेने धावणाऱ्या रेषा पहिल्यात बुडालेल्या असतात. कडेला फूटपट्टी ठेवा. पाठीचाही काढा.

लिंबूटिंबू
केला प्रयोग, साध्या गोधडीवर. दुसऱ्या फोटोत ज्या रेषा निघाल्या त्या पहिल्यात नव्हत्याच. फूटपट्टी विसरले, पुन्हा काढते.